समुद्राचा फोन

"मले समुद्रानं फोन केला होता," उकंडराव खेरडे म्हणाले आणि बशीतला चहा संपवून त्यांनी मिशा पुसल्या. "कोणी मानणार नाही. मानूही नका. मीही मानलं नसतं. पण फोन मीच उचलला, आता काय करता?"

सुरूबनाच्या व्हरांड्यात दुपारी चारला चहा येतो आणि चहाच्या मागोमाग उकंडराव येतात. केळशीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांत वसवलेली ही निवृत्तांची वसाहत. साठेक म्हातारे-म्हाताऱ्या इथं राहतात, आणि उकंडरावांना येऊन वर्ष व्हायच्या आत त्यांच्या निम्म्या थापा सगळ्यांना पाठ झाल्या होत्या. संत्र्याच्या बागेत शिरलेल्या वाघाला ज्यांनी समजूत घालून एसटीत बसवला आणि अमरावतीचं हाफ तिकीट काढून दिलं, ते हे गृहस्थ.

"नंबर काय होता समुद्राचा?" शिधये बाईंनी विचारलं. बाई गणिताच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती, पण तपासणं काही सुटलं नव्हतं.

"नंबर नाही दिसला. जुना फोन होता, तारेचा."

"म्हणजे पुरावा नाही."

"पुरावा असता तं गोष्ट काऊन सांगितली असती, बाई? सरकारात अर्ज केला असता."

व्हरांडा हसला. उकंडरावांच्या शेजारी त्यांची बायको वैजयंतीबाई मांडीवर सूप घेऊन मोड आलेले वाल सोलत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. नवऱ्याची थाप चारचौघांत ऐकायची आणि हातातलं काम करत राहायचं, हा तिचा बावन्न वर्षांचा शिरस्ता. घरी गेल्यावर ती एकेका थापेचा हिशेब घ्यायची. पण लोकांसमोर तिनं त्यांना कधी उघडं पाडलं नव्हतं.

तर, समुद्राचा फोन. पण त्याची सुरुवात समुद्रापासून चांगली सातशे किलोमीटर दूर, वरूडच्या एका न्हाणीघरात झाली.

दोन हजार एक्कावन्न सालचा उन्हाळा. उकंडराव शहात्तर वर्षांचे. साबणावरून पाय गेला आणि ते आडवे झाले. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. वैजयंतीबाईंनी ओढून पाहिलं, दोरी बांधून पाहिली, शेवटी त्याही त्या ओल्या फरशीवर फतकल मारून बसल्या. शेजारची बाई डोकावेपर्यंत दोन तास गेले. त्या दोन तासांत उकंडरावांनी बायकोला तीन गोष्टी सांगितल्या. त्यांतली एक नवी होती.

रॉटरडॅमला असलेल्या मुलीनं त्याच दिवशी पडद्यावरून फर्मान काढलं, "बाबा, आता घर बंद करा. चांगली वसाहत शोधा, दोघं तिथं राहा."

शोधा म्हणणं सोपं. पण आताशा वसाहत माणूस निवडत नाही. माणसाच्या कानामागची पट्टी निवडते.

हे नीट सांगायला हवं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटून आपण पाय टाकतो, ती नसते, आणि पोटात धस्स होतं. का होतं? कारण मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो, आणि तो अंदाज चुकलेला असतो. मोठी चूक आपल्याला कळते. पण परक्या जागी अशा बारीक बारीक चुका दिवसाला हजारांनी होतात. नळाचा आवाज वेगळा, संध्याकाळच्या वाऱ्याचा वास वेगळा, भिंतीचा गारवा वेगळा. आपल्याला पत्ता लागत नाही, पण शरीर प्रत्येक वेळी दचकतं: बुबुळ हलतं, घाम सुटतो, नाडी चुकते. तरुण माणूस ते पचवतो. म्हातारा झिजतो. उत्तम जेवण, उत्तम औषधपाणी असूनही नव्या जागी नेलेली धडधाकट माणसं वर्षभरात मावळत का जातात, हे कोडं यातूनच उलगडलं.

मग एक पट्टी निघाली. नखाएवढी, कानामागे चिकटवायची. ती ही धस्सं मोजते. मोठं धस्स झालं की तिथं मुंगी चालल्यासारखं होतं. दिवसभराच्या मोजणीतून शंभरापैकी एक आकडा निघतो, त्याला म्हणायचं रुळांक. कायदाच झाला: पंचावन्नच्या खाली रुळांक असलेल्या माणसाला वसाहतीनं ठेवून घ्यायचं नाही. नवरा-बायको असले तरी दोघांचा आकडा वेगवेगळा.

आणि नुसत्या सवयीनं हा आकडा फसत नाही. मेंदूत अंदाजांचे दोन थर असतात. वरचा सवयीचा, तो कुठंही, कधीही बसतो, पण म्हातारपणी तोच आधी विरतो. खालचा थर म्हणजे कोब्यासारखा. बालपणी ओला असतो, त्यावर पहिल्या घराचे आवाज आणि वास पावलांसारखे उमटतात, आणि मग तो वाळतो. पट्टी मोजते ती त्या खालच्या थरावरून.

उकंडरावांनी पहिल्याच फटक्यात जागा पसंत केली होती. वरूडच्या वेशीबाहेर, संत्र्याच्या बागांच्या मधोमध 'बहार' नावाची वसाहत होती. खाटेवर पडल्या पडल्या झाडं दिसायची. जानेवारी सरता सरता आंबिया बहार फुटला की पांढऱ्या फुलांचा तो वास अंगणात, अंथरुणात, वरणात सुद्धा उतरायचा. लहानपणी त्या वासानं त्यांना झोप लागत नसे आणि म्हातारपणी त्याच्याशिवाय लागत नसे. तिथं त्यांचा रुळांक आला त्र्याण्णव.

वैजयंतीबाईंचा आला चौतीस.

"मशीन बिघडलं असंल," उकंडराव म्हणाले. "वरूडात माह्यासंग बावन्न वर्षं काढलेली बाई हाये. घरी लावून पाहा."

घरी लावून पाहिली. स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या ओट्यापाशी, वैजयंतीबाईंचा आकडा आला एक्केचाळीस.

पट्टी लावणारा माणूस निघून गेला.

"बावन्न वर्षं," उकंडराव म्हणाले, "तू पाहुणी म्हणून रायली काय व माह्या घरात?"

"काहीतरीच. पाहुणी असते तर एवढी भांडी घासली असती का?"

"मंग हे एक्केचाळीस काय हाये?"

"अहो, रुळले की मी. चांगली रुळले." ती पदराला हात पुसत राहिली. "फक्त पहाटे डोळा उघडला की क्षणभर कळत नाही. वाटतं, आवाज कुठं गेला?"

"कोणता आवाज?"

"दूध उतू जाईल," म्हणून ती आत गेली. गॅसवर दूध नव्हतं.

पण उकंडरावांना विचारायची गरजच नव्हती. तो आवाज त्यांना ठाऊक होता. बावन्न वर्षांच्याही आधीपासून ठाऊक होता, आणि आयुष्यात कोणाला न सांगितलेली एकमेव गोष्ट त्या आवाजाची होती. ती खरी होती, म्हणून असेल.

वरूडच्या संत्रा मंडीसमोर त्यांचा एसटीडी बूथ होता. पिवळी पाटी, काचेची केबिन, केबिनमध्ये कधीच न फिरलेला छोटा पंखा, भिंतीवर गावांच्या कोडचा तक्ता. व्यापारी काचेआड शिरून दिल्लीला, कलकत्त्याला ओरडायचे. बाहेर काउंटरवर विशीतले उकंडराव बसलेले. त्यांना ऐकू यायचं ते अर्धंच बोलणं. "काय? कधी? अन् मंग बैल कुठी गेला?" एवढं ऐकून उरलेलं अर्धं मनात रचायचं. दहा वर्षं ही शिकवणी झाल्यावर माणूस थापा मारणार नाही तर काय करणार!

दर रविवारी सकाळी पोस्टमास्तर केळसकरांची मुलगी यायची. मास्तरांची बदली दापोलीकडून थेट वरूडला झालेली. मुलगी केळशीला आत्याला फोन लावायची. तिथं फोन समुद्रकाठच्या पुळणीवरच्या एका दुकानात होता. दोन मिनिटं बोलणं व्हायचं आणि मग मुलगी गप्प. डोळे मिटून, रिसीव्हर कानाला घट्ट लावून नुसती उभी. मीटरचे लाल आकडे पळत असायचे.

पहिल्या रविवारी उकंडरावांना वाटलं, लाईन तुटली. धंद्याचं कर्तव्य म्हणून त्यांनी काउंटरवरचा दुसरा रिसीव्हर उचलला. लाईन चालू होती. पलीकडे कोणी बोलत नव्हतं. आत्यानं रिसीव्हर खिडकीबाहेर धरला होता.

ज्या माणसानं आयुष्यात वर्धा नदीच्या पुरापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, त्यानं त्या दिवशी समुद्र ऐकला. खरखरीत, बारीक, तारेतून गाळून आलेला. एखादं प्रचंड जनावर झोपेत श्वास घेतंय तसा. त्यांनी बोलायच्या भोकावर तळहात दाबला आणि स्वतःचा श्वास रोखला.

गिऱ्हाइकाची लाईन ऐकणं म्हणजे बूथवाल्याचं महापाप. पुढच्या रविवारी लाईन तुटल्याची काही शंका नव्हती, तरी त्यांनी रिसीव्हर उचलला. त्याच्या पुढच्याही. लग्न होईपर्यंत तीन वर्षांत त्यांनी एक रविवार सोडला नाही. काचेच्या आत ती, काचेच्या बाहेर ते, आणि दोघांच्या कानात तोच समुद्र. लग्नानंतर सांगायचं राहून गेलं. पुढं पुढं सांगायची लाज वाटू लागली.

दूध नसलेल्या गॅसपाशी बायको पाठमोरी उभी होती. उकंडराव म्हणाले, "केळशीकडे काही वसाहत-बिसाहत हाये का व?"

ती वळली. "तुमचं काय होईल तिथं? मासे पाहिले तरी तुम्हाला मळमळतं."

"माहा पणजोबा खलाशी होता."

"तुमच्या पणजोबांनी ओढा ओलांडला नव्हता."

सुरूबनात सात दिवस चाचणीचे असत आणि सातव्या दिवशीचा आकडा धरत. पहिल्या संध्याकाळी वैजयंतीबाई फाटकातून आत आल्या, पुळणीवर गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांची काठी तिथंच कुठंतरी राहिली होती. त्यांच्या लक्षातही नव्हतं. आकडा नव्वद. झोपेत त्या कुशीवरून कुशीवर वळल्या नाहीत. बावन्न वर्षांत आपण ह्या बाईला अशी झोपलेली पाहिलेलीच नाही, हे उकंडरावांना पहाटे कळलं आणि ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

त्यांचा स्वतःचा आकडा होता एकतीस.

"आजोबा," पट्टी तपासणारी डॉक्टर लोटलीकर म्हणाली, "वाळवंटातल्या माणसाला सुद्धा इथं चाळीस येतो हो."

"मंग मी वाळवंटाच्या पलीकडचा असंन. उपाय सांगा."

"उपाय नसतो. ही परीक्षा नाही."

पण उकंडरावांनी आयुष्यात एकही परीक्षा सरळ मार्गानं दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी खिशात संत्र्याची सालं भरून ते हिंडले. समुद्रकाठी संत्रं हुंगल्यावर मेंदू आणखीच बावचळला; आकडा सत्तावीस. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. बाकावर बसून ते स्वतःलाच थाप सांगू लागले: आपण इथलेच, ह्याच पुळणीवर रांगलो, ही सुरूची झाडं आपल्या आज्यानं लावली. इतकी बेमालूम थाप की बाकावरचा एक परका म्हातारा आजोबांची चौकशी करू लागला. आकडा तेहतीस. आख्ख्या आयुष्यात त्यांच्या थापेला पहिल्यांदाच ह्या पट्टीसारखा ठोंब्या श्रोता मिळाला होता.

चौथ्या दिवशी बायकोनं पुळणीवरून मोबाईल केला, "अहो, या ना, भरती बघा!" तिचा आवाज कपाटात बसून बोलल्यासारखा कोरडा, स्वच्छ आला. हे नवे फोन बोलण्याव्यतिरिक्त सगळ्याला गोंगाट समजतात आणि पुसून टाकतात. एवढा मोठा समुद्र तिच्यामागे उसळत होता, पण फोननं तो खोडून काढला होता.

"समुद्र ऐकू नाही येऊन रायला," उकंडराव सहज म्हणाले. त्यावर तिनं लगेच फोन ठेवला.

सहाव्या दिवशी पाच वाजता ते खोलीत एकटे होते. आकडा पुन्हा एकतीसवर आला होता. कानामागची मुंगी थकायचं नाव घेत नव्हती. त्यांनी अर्धी बॅग भरली होती आणि आरशासमोर उभे राहून ते एका थापेची तालीम करत होते. "हे पाय, वैजयंती. मले संत्र्यांशिवाय करमत नाही. तू इथी राय, मी 'बहार'मध्ये रायतो. सणाले भेटू." चारदा म्हणून पाहिलं. चारही वेळा आवाज नेमका 'सणाले'वर चिरकत होता. हजारो थापा सहज पचवलेला माणूस ह्या एका थापेपाशी नापास होत होता.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. खाऱ्या हवेत टिकतो म्हणून सुरूबनानं प्रत्येक खोलीत तारेचा जुना इंटरकॉम ठेवला होता. दुसरं टोक ऑफिसात आणि एक फाटकापाशी, वॉचमनच्या खोलीत, किनाऱ्याला लागूनच.

"हॅलो?"

कोणी बोललं नाही.

"हॅलो, कोण हाये?"

खरखर. आणि त्या खरखरीमागून तो. बारीक, गाळलेला, दूरचा. येणारा, थांबणारा, जाणारा.

फोन आपटून ठेवायला हवा होता. वॉचमननं चुकून उचलून बाजूला ठेवला असणार. पण बूथवाल्याचा हात आपसूक बोलायच्या भोकावर गेला. तळहात दाबला गेला. श्वास रोखला गेला. समोरच्या भिंतीची काच झाली. काचेआड निळ्या फुलांच्या ड्रेसमधली एक मुलगी डोळे मिटून उभी होती, मंडीतून पेट्या ठोकल्याचा आवाज येत होता, आणि कुठूनतरी, खरंच, संत्र्याच्या फुलांचा वास आला.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. फोन पलीकडून बंद झाला तेव्हा उकंडरावांच्या ध्यानात आलं, कानामागची मुंगी थांबली आहे.

ते तसेच अनवाणी पुळणीवर गेले. समोर समुद्र होता, आणि सहा दिवसांत पहिल्यांदाच तो ओळखीचा वाटला. फक्त फार मोठ्यानं बोलत होता, इतकंच.

सातव्या दिवशी आकडा आला एकसष्ट.

डॉक्टर लोटलीकरनं पट्टी तीनदा तपासली. "आजोबा, तुम्ही लहानपणी इथं आला होतात का?"

"नाही बा."

"मग हे बसत नाही. खालचा थर मोठेपणी सहसा ओला होत नाही. फार तर एखाद्या भयंकर प्रसंगात, नाहीतर..." ती थांबली, कारण पुढचं वाक्य अहवालात लिहिण्यासारखं नव्हतं. "नक्की काय झालं काल?"

आणि उकंडरावांनी ती थाप पहिल्यांदा मारली. "समुद्राचा फोन आला होता."

तेव्हापासून वर्ष होत आलं. दर सांगण्यात समुद्र थोडा जास्त बोलायला लागला होता. आजच्या चहाला तर तो चांगलाच सुटला.

"तं राजेहो, मी म्हटलं हॅलो. तिकून म्हणते, 'उकंडराव खेरडे बोलून रायले काय? मी समुद्र. किती वर्षं दुरून ऐकता? या आता रायले!'"

"समुद्र वऱ्हाडी बोलला?" शिधये बाईंनी भिंग साफ करून चष्मा पुन्हा चढवला.

"मंग काय! साऱ्या नद्या त्याच्याच घरी जातात, बाई. वर्धेकून शिकला असंन."

"वर्धा बंगालच्या उपसागराला मिळते. हा अरबी समुद्र आहे."

"चुलतभाऊ हायेत ते दोघं," उकंडराव जराही न डगमगता म्हणाले, आणि सगळा व्हरांडा खळखळून हसला. "खोटं वाटत असंन तं ह्या वैजयंतीले विचारा. एक शब्द खोटा असंन तं..."

"खोटं," वैजयंतीबाई म्हणाल्या.

हसणं जागच्या जागी थांबलं. उकंडरावांचा कप बशीपासून वीतभर वर राहिला. बावन्न वर्षांत हे झालं नव्हतं.

तिनं सूप बाजूला ठेवलं. ओल्या बोटांना चिकटलेलं वालाचं साल काढत ती सावकाश म्हणाली, "समुद्र कशाला फोन करतोय? मी केला होता. वॉचमनला चहाला पाठवलं आणि रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. हात भरून आला माझा."

"तू?" उकंडरावांनी कप बशीत ठेवला. "पण तुले काय मालूम, की मले तो आवाज..."

"वरूडच्या बूथमध्ये तुम्ही काउंटरवरचा दुसरा फोन उचलायचात ना, दर रविवारी? टक् व्हायचं, आणि माझा समुद्र निम्मा व्हायचा. बोलले का मी कधी?"